रक्तनमुन्याचा प्रवास : डॉ. झां-झाक मुयेंबे यांचे इबोलाविषयक संशोधनकार्य

प्रस्तावना

संसर्गजन्य रोगाचा अभ्यास बहुधा दोन ठिकाणी होतो. एक ठिकाण म्हणजे जेथे माणसे आजारी पडतात ते गाव, आणि दुसरे म्हणजे जेथे सूक्ष्मदर्शकाखाली त्या आजाराचे कारण ओळखले जाते ती प्रयोगशाळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतील विषाणुजन्य साथींच्या बाबतीत ही दोन ठिकाणे बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या खंडांत होती. रक्त आफ्रिकेतून जात असे, आणि ज्ञान युरोप-अमेरिकेच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होत असे. काँगोचे विषाणुशास्त्रज्ञ डॉ. झां-झाक मुयेंबे-तांफुम यांची संशोधन-कारकीर्द हे अंतर कमी करण्यात गेली. इबोला या रोगाच्या संदर्भात त्यांच्या कार्याचा परिचय करून देणे आणि त्या कार्याच्या आधारे साथरोग-संशोधनात स्थानिक शास्त्रज्ञाचे स्थान नेमके कोणते असते याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुयेंबे यांचा जन्म १९४२ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोमधील बांडुंडू या प्रांतात झाला. शालेय शिक्षण जेझुइट धर्मगुरूंच्या संस्थांत झाल्यावर त्यांनी किन्शासाच्या लोव्हानियम विद्यापीठातून १९६९ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, आणि १९७३ मध्ये बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठातून विषाणुशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. ते परतले तेव्हा देशाचे नाव झाईर झालेले होते. हे नाव १९७१ ते १९९७ या काळात चालू होते. विषाणूंवरील प्रयोगांसाठी लागणारी सुसज्ज प्रयोगशाळा मात्र देशात नव्हती. ज्याने प्रयोगशाळेत बसून काम करण्याचे शिक्षण घेतले, त्याला साधनांच्या अभावी गावोगाव फिरून काम करावे लागले. विकसनशील देशांतील संशोधकांच्या बाबतीत हे नेहमीच घडते. मुयेंबे यांच्या बाबतीत मात्र या सक्तीतूनच त्यांच्या संशोधनाची दिशा ठरली.

यांबुकू, १९७६

सप्टेंबर १९७६ मध्ये झाईरच्या उत्तर भागातील यांबुकू या खेड्यातील कॅथलिक मिशनच्या रुग्णालयात एका अनोळखी तापाने माणसे भराभर मरू लागल्याची वार्ता राजधानीत पोचली. शासनाने चौकशीसाठी ज्यांना पाठविले, त्यांत तेव्हा जेमतेम चौतीस वर्षांचे असलेले मुयेंबे होते. विषमज्वर किंवा पीतज्वर असावा, असा प्राथमिक तर्क होता. मुयेंबे पोचले तेव्हा १२० खाटांचे ते रुग्णालय जवळजवळ रिकामे झालेले होते. रुग्ण घाबरून निघून गेले होते. राजधानीतून डॉक्टर आले आहेत हे कळताच दुसऱ्या दिवशी माणसे पुन्हा जमली.

मुयेंबे यांनी तपासणीसाठी रुग्णांचे रक्त घेतले. हातमोजे नव्हतेच. एरवी सुई काढल्यावर टोचल्या जागेचे रक्त थोड्याच वेळात थांबते, येथे ते थांबत नव्हते, आणि रक्त काढणाऱ्याची बोटे रक्ताने भरत होती. हे विषमज्वराचे लक्षण नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी साबण आणि पाणी घेऊन हात धुतले. त्या दिवशी उपलब्ध असलेले संरक्षण एवढेच होते. आज ज्या विषाणूवर काम करण्यासाठी सर्वोच्च जैवसुरक्षा-श्रेणीची प्रयोगशाळा आवश्यक मानली जाते, त्या विषाणूशी त्यांचा पहिला संबंध उघड्या हातांनी आला. ते त्यातून वाचले, यात योगायोगाचा भाग मोठा होता.

त्यांनी घेतलेला एक निर्णय पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. मिशनमधील एका बेल्जियन जोगिणीला ताप आला होता. तिच्यावर राजधानीत उपचार करावेत आणि रोगाचे निदानही व्हावे, या हेतूने त्यांनी तिला आपल्याबरोबर किन्शासाला येण्यास राजी केले. तेथील रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तिची शुश्रूषा करणाऱ्या मयिंगा नावाच्या तरुण परिचारिकेलाही लागण होऊन तीही मरण पावली. इबोला विषाणूच्या पहिल्या ज्ञात वाणाला आजही याच परिचारिकेचे नाव आहे. रुग्णाला शहरात हलविण्याचा हा निर्णय आजच्या निकषांवर धोकादायक म्हणावा लागेल. पण रोग कोणता हेच ठाऊक नसताना त्या निकषांचे अस्तित्वच नव्हते.

थर्मासमधील रक्त

जोगिणीचे रक्त एका साध्या थर्मासमध्ये बर्फात ठेवून प्रवासी विमानाने बेल्जियममधील अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेकडे पाठविण्यात आले. थर्मास पोचला तेव्हा बर्फ वितळला होता आणि आतील एक नळी फुटलेली होती. तेथे तेव्हा सत्तावीस वर्षांचे असलेले पीटर पिओट आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर काम सुरू केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लांब, दोऱ्यासारखे, वळलेले कण दिसले. असा आकार तोपर्यंत केवळ मारबर्ग या विषाणूचा ठाऊक होता. १९६७ मध्ये युगांडातून आणलेल्या माकडांमुळे जर्मनी व युगोस्लाव्हियात उद्भवलेल्या रोगात तो सापडला होता. इतक्या धोकादायक विषाणूवर काम करण्याची सोय अँटवर्पला नव्हती. म्हणून नमुने इंग्लंडमधील पोर्टन डाउनला आणि तेथून अमेरिकेतील अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राकडे गेले. कार्ल जॉन्सन, पॅट्रिशिया वेब आणि फ्रेडरिक मर्फी यांनी हा विषाणू मारबर्गसारखा असला तरी नवा आहे, हे सिद्ध केले.

मार्च १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात यासंबंधीचे तीन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक अँटवर्पहून, एक अटलांटाहून आणि एक पोर्टन डाउनहून. ज्याने रुग्णाच्या दंडातून रक्त काढले त्या काँगोलीज डॉक्टरचे नाव या तिन्ही निबंधांच्या लेखकांत नाही. पुढे कित्येक वर्षे इबोलाच्या शोधाची जी कथा जगभर सांगितली गेली, तिची सुरुवात थर्मासपासून होत असे. थर्मास कोणी भरला हा प्रश्न त्या कथेत येत नसे. ही केवळ श्रेयाच्या वाटपाची बाब नाही. नमुना कोणाच्या हातून गेला हे विसरले गेले की त्याबरोबर रोगाचा पुढचा अभ्यास कोठे व्हावा, याचेही उत्तर आपोआप ठरून जाते.

नावाच्या बाबतीत मात्र त्या वेळी एक विचारपूर्वक निर्णय झाला. रोगाला यांबुकूचे नाव दिल्यास त्या गावाला कायमचा कलंक लागेल, म्हणून जॉन्सन यांनी जवळच्या भागातून वाहणाऱ्या इबोला नदीचे नाव सुचविले. मराठी वाचकाला येथे नागपूरजवळील चांदीपुरा या गावाची आठवण व्हावी. १९६५ मध्ये तेथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेल्या विषाणूला गावाचेच नाव मिळाले, आणि मेंदूज्वराच्या प्रत्येक साथीत ते वृत्तपत्रांत येत राहिले. हा संबंध नावापुरताच नाही. इबोलावरील प्रमुख लस ज्या विषाणूचा वाहक म्हणून उपयोग करून तयार झाली, तो गुराढोरांना होणाऱ्या तोंडाच्या फोडांचा विषाणू आणि चांदीपुराचा विषाणू हे एकाच कुळातील आहेत.

साथ कशी पसरली, याची चौकशी आंतरराष्ट्रीय आयोगाने केली. एकूण ३१८ रुग्णांपैकी २८० दगावले होते. कारण शोधताना जे निष्पन्न झाले ते अस्वस्थ करणारे होते. मिशनच्या बाह्यरुग्ण विभागाला दररोज सकाळी केवळ पाच सिरिंज व सुया मिळत. त्याच दिवसभर, मध्ये पाण्यात विसळून, एकामागून एक रुग्णांसाठी वापरल्या जात. ज्या २८८ रुग्णांची माहिती मिळाली त्यांपैकी ८५ जणांचा रोगाशी आलेला एकमेव संबंध म्हणजे या रुग्णालयात घेतलेले इंजेक्शन होते, आणि इंजेक्शनमुळे लागण झालेल्यांपैकी कोणीही वाचले नाही. सतरा कर्मचाऱ्यांपैकी अकरा मरण पावल्यावर रुग्णालय बंद पडले. ते बंद पडणे हेच साथ ओसरण्याचे एक प्रमुख कारण ठरले. दुसरे कारण गावकऱ्यांचे होते. त्यांनी देवीच्या रोगाच्या काळातील जुन्या रीतीनुसार रुग्णांना वेगळे ठेवले आणि येण्या-जाण्याचे रस्ते अडविले.

किकविट, १९९५

त्यानंतर जवळजवळ दोन दशके काँगोत इबोलाची मोठी साथ झाली नाही. १९९५ च्या वसंत ऋतूत मुयेंबे यांच्याच मूळ प्रांतातील किकविट या लाखो वस्तीच्या शहरात माणसे मरू लागली. रक्ती अतिसार असावा असे स्थानिक डॉक्टरांना वाटले, कारण तो रोग तेथे होताच. पण प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञावर पोटाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर शस्त्रक्रियेच्या खोलीतील डॉक्टर आणि परिचारिका एकेक करून आजारी पडल्या. किकविटला गेलेल्या मुयेंबे यांना हे चित्र ओळखीचे वाटले. अतिसाराचा रोग शस्त्रक्रिया करणाऱ्यांना वेचून मारीत नाही. रक्ताच्या संपर्कातून पसरणारा रोग तसे करतो. त्यांनी नमुने बाहेर पाठविले. ते याही वेळी बेल्जियममार्गे अटलांटाला गेले, आणि इबोलाचे निदान निश्चित झाले. यांबुकू पाहिलेला माणूस देशात होता म्हणून निदानाची दिशा लवकर सापडली. प्रयोगशाळा देशात नव्हती म्हणून निश्चितीसाठी नमुन्यांना पुन्हा समुद्रापलीकडे जावे लागले.

या साथीत ३१५ रुग्ण झाले व २५४ मृत्यू झाले. रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आरोग्यसेवकच होते. हातमोजे, मुखपट्ट्या व झगे पोचल्यावर त्यांच्यातील लागण जवळजवळ थांबली. मुयेंबे यांच्याकडे साथनियंत्रणाच्या समन्वयाचे काम होते. घरोघर जाऊन रुग्णांचा शोध घेणे, संपर्कातील माणसांवर तीन आठवडे लक्ष ठेवणे आणि अंत्यविधी सुरक्षितपणे पार पाडणे ही त्या कामाची तीन अंगे होती. इबोलाने मृत झालेल्या शरीरात विषाणू विपुल असतो आणि शव धुण्याची प्रथा मध्य आफ्रिकेत सर्वत्र आहे. त्यामुळे तिसरे अंग सर्वांत कठीण होते. गावच्या भाषेत बोलणाऱ्या, गावच्या चालीरीती ठाऊक असलेल्या माणसाशिवाय ते होऊ शकत नव्हते.

किकविटमधील सर्वांत वादग्रस्त प्रयोग रक्तसंक्रमणाचा होता. रोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे असणार, मग ते रक्त आजाऱ्याला का देऊ नये, असा काँगोलीज डॉक्टरांचा विचार होता. परदेशी तज्ज्ञांना तो धोक्याचा वाटला. तरीही बऱ्या झालेल्यांचे रक्त आठ रुग्णांना देण्यात आले आणि त्यांपैकी सात वाचले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आक्षेप असा घेण्यात आला की तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे रुग्ण साथीच्या अखेरच्या टप्प्यातील होते आणि तोवर शुश्रूषाही सुधारलेली होती. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने हा आक्षेप योग्यच होता. आठ रुग्णांवरून उपचार सिद्ध होत नाही. परंतु आक्षेप योग्य असणे आणि कल्पना चुकीची असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या काळात दोहोंची गल्लत झाली, आणि ती कल्पना दहाहून अधिक वर्षे बाजूला पडून राहिली.

रक्तातून औषध

मुयेंबे यांनी ती सोडली नाही. १९९८ पासून ते किन्शासाच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक होते. किकविटमधून वाचलेल्या व्यक्तींशी त्यांचा संबंध टिकून होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील नॅन्सी सलिव्हन यांच्या सहकार्याने या वाचलेल्यांच्या रक्ताचा नव्याने अभ्यास झाला. लागण होऊन अकरा वर्षे लोटली होती, तरी त्या रक्तात विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशी शिल्लक होत्या. स्वित्झर्लंडमधील अंतोनिओ लांझावेकिया आणि दाविदे कोर्ती यांच्या गटाने त्या पेशींपासून अनेक प्रतिपिंडे वेगळी केली, आणि त्यांतून एक निवडले गेले. त्याला एमएबी-११४ हे नाव मिळाले.

हे प्रतिपिंड कसे काम करते, हे समजून घेण्यासारखे आहे. इबोला विषाणूच्या पृष्ठभागावर शर्करायुक्त प्रथिनाचे उंचवटे असतात. पेशीत शिरल्यावर या उंचवट्यावरील वरचे आवरण पेशीचीच विकरे कापून टाकतात आणि आतला गाभा उघडा पडतो. हा गाभा पेशीतील एका विशिष्ट ग्राहक-प्रथिनाला कुलपात किल्ली बसावी तसा बसतो आणि विषाणूचा जनुकीय ऐवज पेशीत मोकळा होतो. आवरण कापले गेले तरी एमएबी-११४ गाभ्याला चिकटूनच राहते. त्यामुळे किल्ली कुलपात बसत नाही. माकडांवरील प्रयोगांत लागण झाल्यानंतर पाच दिवसांनी दिले तरी ते उपयोगी पडले. हे संशोधन २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यान २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाची आजवरची सर्वांत मोठी साथ येऊन गेली. तीत २८ हजारांहून अधिक रुग्ण आणि ११ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, काँगोच्या बोएंडे भागातही स्वतंत्र साथ सुरू झाली होती. ती ६६ रुग्ण व ४९ मृत्यू यांवर थांबली, आणि तीन महिन्यांत संपली. तेव्हा लसही नव्हती आणि औषधही नव्हते. बोएंडे दुर्गम होते, हे खरे. पण रोग ओळखणारी आणि संपर्कशोधाची सवय असलेली माणसे तेथे होती, हेही तितकेच खरे. लायबेरिया व सिएरा लिओन यांना हा रोग नवा होता. या तुलनेकडे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये काँगोच्या पूर्वेकडील उत्तर कीव्हू प्रांतात साथ उद्भवली. हा प्रदेश अनेक वर्षांपासून सशस्त्र टोळ्यांनी पोखरलेला होता. लोकांचा शासनावर विश्वास नव्हता. डिसेंबर २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत इबोलाचे कारण देऊन बेनी व बुटेंबो येथील मतदान वगळण्यात आल्यावर तर रोग ही राजकीय बनावट आहे असा समज दृढ झाला. उपचारकेंद्रांवर हल्ले झाले. जुलै २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी साथनियंत्रणाची सूत्रे मुयेंबे यांच्या हाती दिली, तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. मंत्र्यांचा दुसऱ्या लशीच्या वापराला विरोध होता, मुयेंबे तिच्या बाजूचे होते.

याच अशांत प्रदेशात नोव्हेंबर २०१८ पासून चार औषधांची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी चालू होती. तिचे स्वाहिली नाव ‘पामोजा तुलिंदे माइशा’ असे होते, म्हणजे ‘मिळून जीव वाचवू या’. तीत ६८१ रुग्ण सहभागी झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये मधल्या टप्प्याचे निष्कर्ष पाहून चाचणी थांबविण्यात आली, कारण दोन औषधे उघडपणे सरस ठरली होती. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण झेडमॅप या औषधाच्या गटात ४९.७ टक्के आणि रेमडेसिव्हिरच्या गटात ५३.१ टक्के होते. एमएबी-११४ च्या गटात ते ३५.१ टक्के, तर तीन प्रतिपिंडांचे मिश्रण असलेल्या दुसऱ्या औषधाच्या गटात ३३.५ टक्के होते. शरीरात विषाणूचे प्रमाण कमी असतानाच दाखल झालेल्या रुग्णांत या दोन औषधांनी मृत्यू साधारण दहांत एकापर्यंत खाली आणले. १९९५ मधील आक्षेपांना जे उत्तर हवे होते ते असे मिळाले, पूर्ण रक्ताऐवजी शुद्ध केलेल्या एका प्रतिपिंडाच्या रूपाने आणि तुलनेच्या गटासह. या औषधाला डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली.

येथे दोन गोष्टींची नोंद करणे आवश्यक आहे. पहिली शास्त्रीय आहे. औषध म्हणजे रोगाचा शेवट नव्हे. लस घेतलेला आणि प्रतिपिंड-औषधाने बरा झालेला एक रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा आजारी पडला आणि त्याच्यापासून सुरू झालेल्या साखळीत ९१ जणांना लागण झाली. ही पुन्हा झालेली लागण नसून शरीरात दडून राहिलेला विषाणूच जागा झाला होता, हे जनुकीय क्रमवाचनाने दाखवून दिले. या अभ्यासात मुयेंबे यांच्याच संस्थेतील तरुण संशोधक अग्रभागी होते. दुसरी गोष्ट मालकीची आहे. काँगोतील वाचलेल्यांच्या रक्तातून निघालेल्या औषधाचा परवाना २०१८ मध्ये एका अमेरिकन कंपनीला देण्यात आला. रक्त देणाऱ्या देशाला औषधाचा साठा हवा तेव्हा आणि हवा तेवढा मिळेल, याची हमी या व्यवस्थेत आपोआप येत नाही. सहकार्याच्या या बाजूवर शास्त्रीय नियतकालिकांत फारसे लिहिले गेलेले नाही.

नमुने देशातच

मुयेंबे यांना २०१५ मध्ये रॉयल सोसायटीचा आफ्रिका पुरस्कार आणि २०१९ मध्ये जपानचा हिदेयो नोगुची पुरस्कार मिळाला. त्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट कदाचित दुसरीच असावी. २०१९ मध्ये त्यांनी स्पष्ट केले की, यापुढे काँगोतील साथीचे नमुने काँगोतच तपासले जातील. परदेशी संशोधकांना त्यावर काम करायचे असेल तर त्यांनी काँगोच्या शास्त्रज्ञांबरोबर, काँगोत येऊन करावे. २०२० मध्ये जपानच्या साह्याने बांधलेली संस्थेची नवी इमारत किन्शासात उभी राहिली, आणि पूर्वेकडे गोमा येथेही प्रयोगशाळा सुरू झाली होती.

हा मार्ग सरळ नव्हता. कोविडच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, काँगो लशीच्या चाचण्यांसाठी तयार आहे असे विधान मुयेंबे यांनी केले तेव्हा त्यांच्याच देशात संतापाची लाट उसळली. आफ्रिकन माणसांना प्रयोगाचे प्राणी समजले जात आहे, असा आरोप झाला. अमेरिका व चीन येथे चाचण्या झाल्याखेरीज काँगोत त्या होणार नाहीत, असा खुलासा त्यांना करावा लागला. स्थानिक शास्त्रज्ञालाही स्थानिक विश्वास आयता मिळत नाही. जेथे रक्त दशकानुदशके बाहेर जात राहिले, तेथे हा संशय निराधार म्हणता येत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या आरंभी काँगोच्या कासाई प्रांतातील बुलापे भागात देशातील सोळावी इबोला साथ जाहीर झाली. नमुने किन्शासाला गेले. निदान मुयेंबे यांनी घडविलेल्या संस्थेतच झाले, आणि जनुकीय क्रमवाचनही तेथेच झाले. ही साथ त्या प्रांतातील २००७ किंवा २००८ च्या साथींचे पुनरागमन नसून विषाणूने प्राण्यांतून माणसात नव्याने केलेला प्रवेश आहे, हे त्यावरून कळले. १ डिसेंबर २०२५ रोजी ती संपल्याचे घोषित झाले, तेव्हा रुग्णसंख्या ६४ आणि मृतांची संख्या ४५ होती.